न वितळता जुळणारा सांधा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वेल्डिंगवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. विज्ञान शाखेतील मित्रांनी तर 'तुझा याच्याशी संबंध काय?' असे तोंडावरच विचारले. संबंध आहे, आणि तो थोडा खेदाचा आहे. गेल्या वर्षापासून मी संध्याकाळी उद्यमबागेतील एका लहान कारखान्यात हिशेब लिहिण्यास जातो. तेथे अॅल्युमिनियमच्या जाड पाटात पाणी खेळण्यासाठी खोबण कोरतात, वर 6 मिलिमीटर जाडीचे झाकण बसवितात आणि कडेने सांधा घालून ते बंद करतात. विजेवर चालणारी यंत्रे थंड ठेवण्यासाठी हे पाट वापरले जातात. गेल्या पावसाळ्यात त्यांची एक संपूर्ण खेप गिऱ्हाइकाकडून परत आली. पाट दिसावयास देखणे होते, परंतु पाणी झिरपत होते. या घटनेची सुरुवात माझ्या हातच्या एका कागदापासून झाली होती. तो कागद कोणता, ते ओघात येईलच. पण तो का चुकला हे समजून घेताना मला जे शिकावे लागले, ते येथे सांगावे असे वाटले.

मी शाळेत मराठी माध्यमात शिकलो. यंत्रशास्त्राचे माझे ज्ञान मेस्त्रींनी समजावून सांगितलेले, ग्रंथालयात वाचलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले, एवढेच आहे. तज्ज्ञ वाचकांनी सांभाळून घ्यावे.

अॅल्युमिनियम सांधणे अवघड का?

लोखंड सांधणे आपण रस्त्याच्या कडेलाही पाहतो. ठिणग्या उडतात, धातू वितळतो, निवतो आणि दोन तुकडे एक होतात. मराठीत वेल्डिंगला 'वितळजोडकाम' असा शब्द आहे, तो यावरूनच. अॅल्युमिनियमच्या बाबतीत मात्र हे वितळणेच घातक ठरते.

पहिले कारण म्हणजे त्याची कातडी. अॅल्युमिनियमला हवा लागली की त्यावर तत्काळ ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. या ऑक्साइडचेच नाव अॅल्युमिना. आपल्या बेळगावात बॉक्साइटपासून मोठ्या खटाटोपाने जी पांढरी भुकटी काढतात, तोच हा पदार्थ. शुद्ध अॅल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते, पण हा थर वितळण्यास 2000 अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणजे आतला धातू पाणी झाला तरी वरची कातडी शाबूत राहते आणि सांध्यात अडकते. दुसरे कारण हायड्रोजन वायूचे. वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये हा वायू पुष्कळ मुरतो, घट्ट झालेल्या धातूत फारच थोडा मावतो. धातू निवू लागला की उरलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने आतच कोंडला जातो, आणि सांधा जाळीदार पावासारखा होतो. तिसरे कारण असे की काही बळकट मिश्रधातू, विशेषतः विमानांत वापरले जाणारे तांबे किंवा जस्त मिसळलेले, वितळून निवताना तडकतात.

मग न वितळविता सांधता येईल काय? लोहार पूर्वीपासून हेच करीत आला आहे. लोखंडाचे दोन तुकडे खूप तापवून, एकावर एक ठेवून घणाने ठोकले की ते एकजीव होतात. तेथे धातू मऊ होतो, पातळ होत नाही. हाच विचार वेगळ्या वाटेने इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या 'द वेल्डिंग इन्स्टिट्यूट' या संस्थेत झाला. 1991 च्या डिसेंबरात वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज करण्यात आला. 'फ्रिक्शन स्टर वेल्डिंग' असे तिचे नाव. मराठीत आपण तिला 'घर्षण-ढवळ जोडकाम' म्हणू. पुढे रॉकेटांच्या इंधनटाक्या, जहाजांचे तक्ते, आगगाडीचे डबे आणि 2012 साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध कंपनीच्या पातळ कडेच्या संगणकाची पेटी, इतक्या निरनिराळ्या ठिकाणी ती पोचली. मूळ पेटंटची मुदत संपलेली असल्यामुळे आज लहान कारखानदारही ती वापरू शकतो. आमच्या कारखान्यात तर त्यासाठी खास यंत्रही नाही. जुन्या उभ्या मिलिंग मशिनवरच हे काम चालते.

ढवळणे म्हणजे काय?

कणकेचे दोन गोळे कोरड्या पिठीत घोळवून एकमेकांना नुसते चिकटवून पाहा. मध्ये पिठी असल्यामुळे ते जुळत नाहीत. मात्र सांध्याच्या रेषेवर बोट खुपसून गोल फिरवीत पुढे नेले, तर पिठीचा थर मोडतो, कणीक एकमेकांत मिसळते आणि रेषा नाहीशी होते. घर्षण-ढवळ पद्धतीत हेच घडते. अॅल्युमिना ही पिठी आणि पोलादाचे फिरते टूल हे बोट.

दोन पत्रे कडेला कड लावून खाली पोलादी पाट देऊन घट्ट आवळतात. मग फिरते टूल सांध्याच्या रेषेत हळूहळू खाली उतरवितात. टूलचे दोन भाग असतात. वरचा रुंद, सपाट किंवा किंचित खोलगट भाग, त्याला कारखान्यात 'शोल्डर' म्हणतात, मी खांदा म्हणेन. त्याच्या मधोमध खाली आलेली आखूड खुंटी, ती 'पिन'. पिन पत्र्यात बुडते आणि खांदा पत्र्याच्या पाठीवर टेकून घासू लागतो. घर्षणाने धातू साधारण 400 ते 500 अंशांच्या दरम्यान तापतो, वितळत नाही, पण लोण्याइतका मऊ पडतो. जागेवर थोडा वेळ फिरून धातू मऊ झाला की टूल फिरता फिरताच रेषेवरून पुढे सरकते. पिनच्या पुढचा मऊ धातू तिच्या बाजूने वळून मागे जातो, आणि खांदा त्याला वरून दाबून धरतो. गॅस नाही, भरणाची तार नाही, धूर नाही, डोळे दिपविणारा उजेड नाही. प्रथम पाहणाऱ्याला वाटते, ड्रिल मारता मारता मेस्त्री आडवे का निघाले!

इतके सोपे असेल तर सांधा बिघडतो कशाने? तर टूल कसे आहे आणि ते कसे चालविले जाते यावर सारे अवलंबून असते. त्या गोष्टी एकेक पाहू.

खांदा आणि पिन

उष्णतेचा मोठा वाटा खांदा निर्माण करतो. खांद्याचा व्यास 18 मिलिमीटर असेल तर त्याचा घेर साडेछप्पन मिलिमीटरांच्या आसपास येतो. टूल मिनिटाला 1000 फेरे घेत असेल, तर खांद्याची कड पत्र्यावर मिनिटाला सुमारे 56 मीटर घासते. खांदा थोडा मोठा केला तर उष्णता थोडीच वाढेल असे वाटते, पण तसे नाही. कडेचा भाग अधिक वेगाने घासतो आणि तेथे घासणारे क्षेत्रही अधिक असते. त्यामुळे बाकी सारे सारखे धरल्यास उष्णता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 18 चा घन 5832, 20 चा घन 8000. म्हणजे व्यास केवळ 2 मिलिमीटरांनी वाढविला तर कागदावर उष्णता 37 टक्क्यांनी वाढते. प्रत्यक्षात इतकी वाढत नाही, कारण धातू मऊ पडला की त्याचा विरोधही कमी होतो आणि उष्णतेला आपोआप लगाम बसतो. याच लगामामुळे धातू सहसा वितळण्यापर्यंत जात नाही. तरीही टूल घेताना खांद्याचा व्यास हा किरकोळ आकडा नव्हे, हे लक्षात यावे. सामान्यतः तो पिनच्या व्यासाच्या तिप्पट ठेवतात.

पिनची लांबी हा त्याहून नाजूक प्रश्न. 6 मिलिमीटरचे पत्रे कडेला कड लावून सांधावयाचे असतील तर पिन जाडीपेक्षा किंचित आखूड, 5.7 किंवा 5.8 मिलिमीटरची असावी लागते. फार आखूड असेल तर तळाचा थर ढवळलाच जात नाही आणि सांध्याच्या मुळाशी चीर राहते. पत्रा वाकविला की तो नेमका तेथून फाटतो. फार लांब असेल तर पिन खालच्या पोलादी पाटाला लागते आणि टूलचाच शेवट होतो. पिन झिजली तरी परिणाम आखूड पिनचाच. म्हणून पाट गिऱ्हाइकाकडे जाण्यापूर्वी सांधा मोजावा, आणि सांधा घालण्यापूर्वी पिन मोजावी.

पिनवर बहुधा आटे पाडलेले असतात. त्यांचे काम धातूला तळाकडे ढकलण्याचे. येथे एक गंमत आहे. टूल वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर आटे डावे हवेत. नेहमीचे उजवे आटे असतील तर ड्रिल जसे कीस वर आणते, तसा धातू वर ओढला जाईल आणि खाली पोकळी राहील. टूल तेच, वेग तोच, फिरण्याची दिशा तेवढी उलट, आणि सांधा वाया. अॅल्युमिनियमसाठी टूल बहुधा एच-13 या पोलादाचे करतात, कारण ते तापलेले असतानाही आपला कणखरपणा टिकवून धरते.

दोन वेगांचा हिशेब

आता माझ्या विषयाजवळ येतो. टूलला दोन वेग असतात. एक फिरण्याचा, दुसरा पुढे सरकण्याचा. दुसऱ्याला 'फीड' म्हणतात. हे दोन वेग वेगवेगळे पाहण्यापेक्षा त्यांचा भागाकार पाहावा. फेरे मिनिटाला 1000 आणि फीड मिनिटाला 100 मिलिमीटर असेल तर टूल एका फेऱ्यात एक दशांश मिलिमीटर पुढे जाते. फीड 200 केले तर दोन दशांश. म्हणजे प्रत्येक मिलिमीटर सांध्याला पूर्वी 10 फेऱ्यांचे ढवळणे मिळत होते, आता 5 चे मिळते. ताक घुसळताना रवीचे फेरे निम्मे केले तर लोणी पुरे निघत नाही, हे घरातले कोणीही सांगेल.

फेरे जास्त आणि फीड कमी असेल तर सांधा 'गरम' होतो, फेरे कमी आणि फीड जास्त असेल तर 'थंड'. दोहोंचे दोष निराळे. सांधा अति गरम झाला तर धातू नको इतका मऊ पडतो, खांद्याच्या कडेने कुरकुरीत झालरीसारखा बाहेर येतो आणि पृष्ठभाग खरवडल्यासारखा दिसतो. या झालरीला 'फ्लॅश' म्हणतात. बाहेर गेलेला धातू आत कमी पडतो हे ओघानेच आले. सांधा अति थंड झाला तर धातू पुरेसा मऊच होत नाही, पिनच्या मागे राहिलेली पोकळी भरून निघत नाही, आणि सांध्याच्या आत लांबवर एक नळी राहून जाते. या दोषाला 'टनेल' म्हणजे बोगदा म्हणतात.

हा बोगदा बहुतेक वेळा एकाच बाजूला सापडतो, त्याचेही कारण आहे. टूल फिरत फिरत पुढे जाते तेव्हा त्याच्या एका बाजूची फिरण्याची दिशा पुढे जाण्याच्या दिशेशी जुळते, दुसऱ्या बाजूची उलट असते. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारे टूल आपल्यापासून दूर चालले असेल, तर डावी बाजू जुळणारी आणि उजवी उलटी. पिनच्या पुढचा धातू मुख्यत्वे उलट्या बाजूने वळून मागे येतो आणि जुळणाऱ्या बाजूला त्याचा प्रवास संपतो. धातू कमी पडला तर तो प्रवासाच्या शेवटीच कमी पडणार. पंक्तीत वाढप सुरू झाले आणि भात संपला, तर शेवटच्या पानावरच तो पोचत नाही, तसाच हा प्रकार.

दाब आणि कल

दोन वेग बरोबर असले तरी खांद्याचा दाब कमी पडला तर सारे फुकट. 6 मिलिमीटरच्या पत्र्यासाठी हा दाब टनाच्या घरात जातो. खास या कामाच्या यंत्रांत दाब मोजून तो कायम राखण्याची सोय असते. मिलिंग मशिनवर ती नसते. तेथे टूल ठराविक खोलीवर उतरवून ठेवावे लागते, आणि खांदा पत्र्यात एक-दोन दशांश मिलिमीटर रुतला की दाब पुरेसा आहे असे धरून चालावे लागते. पत्रा किंचित वाकडा असेल, किंवा विरोध वाढून यंत्राचे डोके केसभर उचलले गेले, तर तो दाब कमी होतो आणि डोळ्यांना काहीही दिसत नाही.

म्हणूनच टूल सरळ उभे न ठेवता मागच्या बाजूस दोन-तीन अंश कलते ठेवतात. त्यामुळे खांद्याची मागची कड थोडी अधिक खोल जाते आणि पिनने मागे टाकलेला धातू इस्त्री फिरविल्यासारखा दाबून बसविते. कल नसेल तर हे दाबणे ढिले पडते. कल फार झाला तर मागची कड पत्र्यात खणत जाते आणि सांध्याची जाडी कमी होते. खांद्याच्या तळाला चक्राकार खोबणी असलेली टूलेही असतात. ती धातूला स्वतःच मध्याकडे ओढतात, म्हणून त्यांना कल लागत नाही.

दोष नाही, तरी सांधा कमजोर

येथवर वाचून वाटेल की बोगदा नको असेल तर फीड कमी ठेवावे आणि सांधा चांगला गरम करावा, म्हणजे झाले. मीही प्रथम असेच समजलो. पण येथे दुसरी अडचण आहे.

आमचे पाट 6061 या मिश्रधातूचे असतात. त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळलेले असते. त्याला आधी खूप तापवून पाण्यात निववितात, मग सुमारे 160 ते 175 अंशांवर कित्येक तास ठेवतात. या काळात धातूत मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि त्यांच्यामुळेच तो बळकट होतो. या अवस्थेला टी-6 म्हणतात. सांधा घालताना टूलच्या आजूबाजूचा जो धातू ढवळला जात नाही पण तापतो, तेथे हे कण वाढून विरळ होतात आणि धातूची ताकद उतरते. म्हणून अशा धातूचा निर्दोष सांधा ओढून तोडला तर तो बहुधा ढवळलेल्या जागी तुटत नाही, शेजारच्या नरम पट्ट्यात तुटतो. मूळ पत्र्याच्या मानाने त्याची ताकद अनेकदा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांशच भरते. 5083 सारखे जे मिश्रधातू उष्णतेच्या संस्काराने बळकट केलेले नसतात, त्यांना हा तोटा फारसा जाणवत नाही. जहाजांत ते वापरतात, याचे हेही एक कारण आहे.

फीड जितके कमी, तितका शेजारचा धातू अधिक वेळ तापत राहतो आणि नरम पट्टा रुंद होतो. याचा अर्थ फीड वाढविले तर काम लवकर होते आणि सांधाही बळकट होतो! खर्च आणि गुण एकाच दिशेने चाललेले असे उदाहरण अर्थशास्त्राच्या पुस्तकात क्वचित सापडते. मात्र ही वाट कड्याच्या टोकापर्यंतच जाते. एका मर्यादेपर्यंत फीड वाढवावे तसा सांधा सुधारत जातो, आणि ती मर्यादा ओलांडली की आत बोगदा पडून तो एकदम कोसळतो. मर्यादा कोठे आहे हे धातू, जाडी, टूल आणि यंत्र यांवर ठरते. ती कोणत्याही पुस्तकातून जशीच्या तशी उचलता येत नाही. आपल्याच यंत्रावर चाचणी घेऊन ती शोधावी लागते.

तो कागद

आता त्या कागदाविषयी. मालकांनी मला पाटामागे येणारा खर्च काढावयास सांगितले होते. मी यंत्राचे तास, वीज, मजुरी मांडली आणि खाली लिहिले की सांधा घालण्याचा वेळ निम्मा झाला तर त्याच दिवसांत जवळजवळ दुप्पट काम निघेल. फीड 100 चे 200 करावे, असे मी शब्दांत लिहिले नव्हते. पण गिऱ्हाइकाची तारीख जवळ आली होती, आणि माझ्या कागदाचा दुसरा अर्थ निघत नव्हता. फीड वाढले. फेरे, टूल, खोली, सारे होते तसेच राहिले.

पहिले पाट उतरले तेव्हा मी तेथेच होतो. सांधे पूर्वीपेक्षा सुबक दिसत होते, झालर कमी होती. यंत्रावरचे मेस्त्री कन्नड बोलणारे. ते कान देऊन उभे होते आणि म्हणाले, "सप्पळ ब्यारे ऐती." म्हणजे आवाज वेगळा येतो आहे. मला दोन्ही भाषा येतात. मी हे वाक्य मालकांना मराठीत सांगितलेसुद्धा, पण गप्पांत सांगावे तसे. शब्द मला कळले होते, त्यांतली सूचना कळली नव्हती. धातू कमी तापल्याने टूलला अधिक विरोध होत होता, यंत्र जड चालत होते, आणि तेच त्या आवाजातून ऐकू येत होते.

खेप परत आल्यावर मेस्त्रींनी एका पाटात हवा भरून तो पाण्यात बुडविला. बुडबुडे सांध्यातून आले नाहीत, सांधा जेथे संपतो तेथून आले. टूल शेवटी वर उचलताना पिनच्या जागी भोक राहतेच, त्या भोकातून. मग सांधा आडवा कापला, घासून गुळगुळीत केला आणि कॉस्टिक सोड्याने धुतला. जुळणाऱ्या बाजूला, तळाजवळ, तिळाएवढे छिद्र दिसले. दुसऱ्या जागी कापला, तेथेही तेच. ही सांध्याच्या लांबीभर गेलेली नळी होती आणि शेवटच्या भोकात उघडत होती. वरून मात्र सांधा आरशासारखा.

पुढचे काही दिवस मेस्त्रींनी टाकाऊ पट्ट्यांवर चाचण्या घेतल्या आणि मी वही धरली. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हा त्यांचा नियम. फीड 200 ठेवून फेरे 1400 केले, छिद्र लहान झाले पण गेले नाही. टूल आणखी एक दशांश खाली उतरविले, तेव्हा ते गेले, पण कडेने झालर वाढली. यावरून कळले की दोष केवळ थंडपणाचा नव्हता, विरोध वाढल्यामुळे यंत्राचे डोकेही उचलले जात होते. शेवटी फेरे 1000, फीड 125 आणि किंचित अधिक खोली यांवर काम स्थिर झाले. प्रत्येक पाळीतील पहिला आणि शेवटचा नमुना कापून पाहावयाचा, असेही ठरले. माझ्या कागदातील दुप्पट काम हवेत विरले. पाव पट वाढ तेवढी खरी निघाली.

आम्हांला पहिल्या वर्षीच शिकवितात की तेरीज पत्रक जुळले म्हणजे हिशेब बरोबर आहे असे नव्हे. दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हाही तेरीज जुळते. या सांध्यांतही तसा एक दोष असतो. त्याला इंग्रजी नावाप्रमाणे 'चुंबन-जोड' म्हणावे लागेल. त्यात दोन्ही बाजू एकमेकींना टेकलेल्या असतात पण जुळलेल्या नसतात. पोकळी नसल्यामुळे क्ष-किरणांच्या चित्रातही तो सहसा सापडत नाही. पत्रा वाकविल्यावरच त्याचे खरे रूप बाहेर पडते. म्हणून अॅल्युमिनियमच्या अशा सांध्यांसाठी 2011 साली प्रथम निघालेले आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 25239, केवळ नजरेच्या तपासणीवर थांबत नाही. पद्धत ठरविताना नमुने वाकवून, ओढून आणि कापून पाहावे, असे ते सांगते.

नुकसानीची रक्कम मीच खातेवहीत लिहिली. मालकांनी मला बोल लावला नाही. 'आकडा तुझा बरोबर होता, यंत्राला विचारावयाचे राहिले' एवढेच ते म्हणाले. आता खर्चाचा कागद करताना मी तो टंकण्यापूर्वी यंत्राजवळ नेतो आणि मेस्त्रींना कन्नडमध्ये वाचून दाखवितो. ते बहुधा काही बोलत नाहीत. बोलले, तर ते वाक्य मी दोन्ही भाषांत लिहून ठेवतो.